फोन कट करायची शिकवणी

गल्लीत तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळ्यांची ती हॅलोबाई. हे नाव ठेवलं कोपऱ्यावरच्या दुकानदारानं. एकदा ती कामावरून दमून आली, दुकानात शिरली, आणि त्यानं वर बघितल्याबरोबर हिच्या तोंडून निघालं, "हॅलो, मी आपली काय मदत करू शकते?" झालं. त्यानंतर गल्लीतलं शेंबडं पोरही तिला हॅलोबाई म्हणायला लागलं. तिनं मनावर घेतलं नाही. दिवसभर लोक तिला जे म्हणतात त्याच्या मानानं हे नाव म्हणजे सत्कारच म्हणायचा.

नोकरीच तसली. कपडे धुण्याची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीचं मदत केंद्र, एका उंच इमारतीच्या मधल्या मजल्यावर. खिडक्या आहेत, पण स्क्रीनवर ऊन येतं म्हणून त्यांना काळा कागद चिकटवलाय, त्यामुळे बाहेर पाऊस आहे की ऊन हे जिना उतरल्यावरच कळतं. फळ्या घालून पाडलेले कप्पे आणि कप्प्याकप्प्यात कानाला हेडफोन लावून बोलणारी माणसं. हॅलोबाईच्या हेडफोनचा स्पंज इतका विरलाय की घरी येऊन कान पुसला की रुमालावर काळा भुसा येतो. नवा मागितला तर "अर्ज टाका" म्हणतात. अर्ज टाकून जुना झाला.

अर्धा दिवस लोक हिला फोन करतात. मशीन पाणी घेत नाही, मशीन पाणी सोडत नाही, मशीन नाचत नाचत दारापर्यंत आलं, आता दार उघडत नाही. ते परवडलं. उरलेला अर्धा दिवस हिनं लोकांना फोन करायचे. मशीन दुरुस्त झालं का, मेकॅनिक वेळेवर आला का, आपण समाधानी आहात का. हे मात्र नको वाटतं. अनोळखी नंबर बघून लोक आधीच पिसाळलेले असतात. कुणी "चोर आहात तुम्ही सगळे" म्हणतं, कुणी तिच्या आईबापांचा उद्धार करतं, आणि बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत, तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन कट करतात. आणि कॉल असा अर्धवट तुटला की कंपनी हिच्याच कामाचे गुण कापते. लोकांचं तरी काय चुकलं? फोनवरून लुबाडणाऱ्यांचं पीक आलंय. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच. पण ती फुंकर रोज हिच्या तोंडावर येते, त्याला तिनं काय करायचं?

घरात ती आणि आई, दोघीच. हॅलोबाईचं लग्न झालं होतं, टिकलं नाही, आणि तो विषय आता दोघींपैकी कुणी काढत नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचं शिलाई मशीन. आईनं उभा जन्म त्या मशीनपुढे काढला. शाळेचे गणवेश शिवले, दवाखान्यातले डगले शिवले, लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले. आता गुडघ्यांनी हात टेकले, त्यामुळे चेन बदलून देणं, पॅन्टचा काठ दुमडणं असली बैठी कामं तेवढी घेते. बाकी वेळ लेकीचा जुना लॅपटॉप मशीनच्या फळीवर ठेवून शिवणकामाचे व्हिडिओ बघते. बघते कसली, चुका काढते. "हिला धड बाही बसवता येत नाही आणि ही बया जगाला शिकवायला निघालीय," असं चाललेलं असतं.

हॅलोबाई संध्याकाळी पायातले बूट काढता काढता दिवसाचं गाऱ्हाणं सांगायची. आज एक जण असं बोलला, आज एकीनं फोन आपटला. सांगून ती मोकळी व्हायची आणि डोळे मिटून पडायची. आई मात्र मोकळी होत नसे. ऐकून ऐकून त्या माउलीनं एक नेम धरला, आणि तो लेकीला सांगितलाच नाही. आपण कुणाच्याही लेकराच्या तोंडावर फोन ठेवायचा नाही. मग तो विमा विकणारा असो नाहीतर कर्ज देणारा. आई सगळं ऐकून घ्यायची, "जेवलास का रे?" म्हणून विचारायची, आणि शेवटी बोलणाऱ्याला गुण द्यायला एक ते पाचमधला आकडा दाबा म्हटलं की न चुकता पाच दाबायची. टूथपेस्टबद्दल माहिती गोळा करणाऱ्या एका मुलीला तिनं दुपारचा अख्खा वेळ दिला होता. आईच्या तोंडात आता किती दात उरलेत हे त्या मुलीनं विचारलं नाही म्हणून बरं. आईचा हिशेब साधा होता. आपण दुसऱ्याच्या लेकराशी नीट बोललो तर कुणीतरी आपल्या लेकीशी नीट बोलेल.

एकदा दुपारी आई चेन बसवायचा व्हिडिओ बघत होती. मध्येच पडदा लालभडक झाला आणि लॅपटॉपमधून भोंगा वाजायला लागला. मोठ्या अक्षरांत लिहून आलं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घातक व्हायरस शिरला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. भोंगा थांबेना, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं, आणि आईच्या मनात आलं की लेकीची वस्तू आपल्या हातून बिघडली. तिनं तो नंबर लावला.

हॅलोबाईची तेव्हा सकाळची पाळी होती. ती जिना चढून दारात आली तेव्हा आतून आईचा आवाज येत होता. "हो बाळा, दिसतंय. हो, तू म्हणालास तिथंच दाबलं." तिला वाटलं, चेन बदलायला टाकलेलं गिऱ्हाईक असेल. आत आली आणि दारातच थबकली. आई खुर्चीत मागे टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बाण आपला आपण फिरत होता. बँकेचं पान उघडलेलं होतं. मोबाइल फळीवर ठेवलेला, त्यातून एक मुलगा लोण्यासारखं मऊ बोलत होता. "आजी, आत्ता तुमच्या मोबाइलवर एक नंबर आला असेल, तेवढा वाचून दाखवा, की झालं आपलं काम."

"थांब हं, चष्मा सापडेना मेला," आई म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता. मग तिला दारातली लेक दिसली आणि तिचा चेहरा फुलला. "अरे, हे बघ, माझी लेकच आली. तीपण तुझ्यासारखंच काम करते. तिच्याशीच बोल."

पलीकडून फोन कट झाला. आईनं आजवर कुणाचा फोन ठेवला नव्हता. त्या लबाडानं तिचा ठेवला.

हॅलोबाईनं आधी भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीची वायर उपटली. बाण जागच्या जागी थांबला. मग बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. आईच्या पाकिटातून बँकेचं कार्ड काढलं आणि त्याच्या पाठीवर छापलेला नंबर लावला. तिथल्या माणसानं पैसे शाबूत असल्याचं सांगितलं आणि खात्याचे फोनवरचे, कॉम्प्युटरवरचे सगळे व्यवहार बंद करून टाकले. मग तिनं स्वतःच्या मोबाइलवरून आईचे पासवर्ड बदलले, पोलिसांकडे तक्रार नोंदवली, लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे पुसून घ्यायला दिला. त्या खात्यात आईची जन्मभराची शिलाई होती. हॅलोबाईचा पगार भाड्यात आणि औषधांत जातो, मागे दुसरं काही नाही. ते गेलं असतं तर दोघींना उघड्यावर यायला वेळ लागला नसता.

बँकेतला माणूस शेवटी एक गोष्ट बोलला होता. "ताई, खातं आईंच्या नावावर आहे. त्यांनी स्वतः फोन करून व्यवहार पुन्हा सुरू करा म्हटलं, तर आम्हाला करावे लागतील. आणि ती माणसं परत फोन करणार. ज्यानं एकदा ऐकून घेतलं त्याला ती सोडत नाहीत. तेवढं आईंना सांभाळा."

सांभाळायचं कसं? आईला तर मुळात तो चोर वाटतच नव्हता.

"त्याच्या मागे त्याचा सुपरवायझर ओरडत होता गं," आई म्हणाली. "मी ऐकलं ना. तो म्हणाला, आजी, तुम्ही मध्येच सोडलंत तर माझे गुण कापतील. तुझे नाही का कापत?"

हॅलोबाई शिवणाच्या स्टुलावर बसली. "आई, हे गुणबिण त्याला बरं सुचलं?"

"सुचलं म्हणजे? मीच म्हटलं होतं, माझी लेक फोनवर काम करते, तिचेही गुण कापतात."

म्हणजे फास आईनंच वळून दिला होता, त्यानं फक्त ओढला. आणि मग हळूहळू तो नेमही बाहेर आला. विमेवाले, कर्जवाले, टूथपेस्ट, पाच आकडा, सगळं. हॅलोबाईला ओरडायचं होतं. पण दिवसभर गोड बोलून बोलून तिच्या घशात ओरडण्यापुरतंही काही उरलेलं नव्हतं. तिला राग आला होता आणि रडूही आलं होतं, आणि दोन्हीचा कंटाळाही आला होता. ती नुसती म्हणाली, "माझ्यासाठी करत होतीस होय हे."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा आला फोनवर. त्यापुढेही आला. एक नंबर बंद केला की दुसऱ्यावरून. आई संध्याकाळी सगळं खरं सांगायची, हे एक तिचं चांगलं. "म्हणाला, बँकेला फोन करून व्यवहार चालू करा म्हणून सांगा. तुमचे पैसे सुरक्षित खात्यात हलवायचेत. आणि मुलीला सांगू नका, माझी नोकरी जाईल."

"आणि तू काय म्हणालीस?"

"बघते म्हटलं."

"बघते?"

"मग काय म्हणू? नाही म्हणवलं नाही."

घरी एकटी, गुडघ्यांनी अधू, जिना उतरता येत नाही, अशा बाईचा मोबाइल काढून घेता येत नाही. पडली झडली तर हाक कशी मारणार? हॅलोबाईनं रजा मागितली. तिच्या सुपरवायझरला सगळे टायमर म्हणतात, कारण तो बाथरूमच्या दाराशीही मनगटावर बघत उभा असतो. टायमर म्हणाला, "या महिन्यात? विसर." तोही काही वाईट माणूस नाही, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी टायमर आहेच. पण रजा मिळाली नाही ती नाहीच.

तेव्हा हॅलोबाईनं शिकवणी काढली. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि स्वतःच्या मोबाइलवरून बाहेरच्या खोलीत आईला फोन लावायची. "नमस्कार आजी, मी कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय." आणि आईनं तिथंच फोन कट करायचा. एवढाच धडा. बालवाडीतलं मूल शिकलं असतं.

आई म्हणायची, "अगं, कांदा करपतोय, वास येतोय मला."

हॅलोबाईनं आवाज जाड करून पुरुषासारखा काढला. आईला हसू आवरेना, हसता हसता ठसका लागला, हॅलोबाईला पाणी घेऊन धावावं लागलं. ठसका थांबल्यावर आई म्हणाली, "तू ऑफिसात बोलतेस तशी बोल की. मी कधी ऐकलंच नाही ते."

"ते दुकान मी घरात उघडणार नाही," हॅलोबाई म्हणाली. तो आवाज ती जिन्यातच काढून ठेवून यायची, चपलांसारखा. आईला तिनं तो कधी ऐकवला नव्हता.

धडा काही पुढे सरकेना. आईचं बोट लाल बटणापर्यंत जायचं आणि तिथंच थांबायचं. शेवटी एकदा तिनं मोबाइल फळीवर ठेवून दिला. "मला नाही जमणार. तुझ्यावर जास्त फोन आपटले की तू ताटावरून उठतेस. मी बघत नाही का? दोन घास खातेस आणि भूक नाही म्हणतेस. मी कुणाच्या लेकराला ताटावरून उठवणार नाही."

"मला आता काही वाटत नाही आई. सवय झाली."

आईनं तिच्याकडे बघितलं. वाकडी शिवण गेलेलं कापड उजेडात धरून बघायची तसं बघितलं. हॅलोबाईनंच मान फिरवली. मग तिला खिळ्याला टांगलेली आईची माप घ्यायची फीत दिसली. आकडे पुसट झालेली, टोकाला दोरा बांधलेली.

"आई, गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणालं, माझी कंबर एवढी एवढी आहे, तर तू त्यावर कापड कापायचीस?"

"छे. कंबर कुणी खरी सांगतं होय?" आई हसली. "देवमाणूस असला तरी कंबर खोटीच सांगतो. माप आपल्या फितीनं घ्यायचं."

हॅलोबाईनं पाकिटातलं बँकेचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "मग पडद्यावर दिसलेला नंबर कुणाच्या फितीचा होता? त्याच्याच ना? त्यानंच भोंगा वाजवला, त्यानंच नंबर दिला, आणि तू त्यावर कात्री चालवायला निघालीस. हा कार्डाच्या पाठीवरचा नंबर, ही तुझी फीत. कुणी काहीही सांगो, बँकेतून बोलतो सांगो नाहीतर पोलिसातून. फोन ठेवायचा, कार्ड काढायचं, इथं विचारायचं. आणि कॉम्प्युटर आजारी आहे म्हणून कुठलीच कंपनी आपणहून फोन करत नाही. एवढी माया कुणाला असते?"

आई कार्ड उलटसुलट करत राहिली. फितीची गोष्ट तिला पटली होती, ते दिसत होतं. मग म्हणाली, "बरं. आणि ठेवताना काय म्हणायचं?"

"काही नाही."

"ठेवते हं बाळा, एवढंसुद्धा नाही?"

"एक अक्षर बोललीस की तो दुसरं बोलणार. आणि तू ऐकणार."

"म्हणजे तोंडावरच," आई म्हणाली.

"तोंडावरच," हॅलोबाई म्हणाली, आणि तिला स्वतःचंच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी कामावर तिचं लक्ष नव्हतं. सकाळच्या कॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ लागले. तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, तुम्ही खऱ्या असाल किंवा खोट्या असाल, मला इथून कळायचा मार्ग नाही. मी ठेवतो, आणि मशीनच्या कागदावरचा नंबर लावून विचारतो." अशा वेळी काय बोलायचं तेही स्क्रीनवर लिहिलेलं असतं: ग्राहकाला धरून ठेवा, विश्वास द्या, तीन प्रश्न विचारा. हॅलोबाईनं ते वाचलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर करताय काका. ठेवा."

टायमर मागेच उभा होता. "कॉल सोडलास? विश्वास द्यायचा ना त्यांना."

"विश्वास तर तो चोरही देतो," हॅलोबाई म्हणाली. "त्याचा आवाज माझ्यापेक्षा गोड आहे."

टायमरनं तिच्याकडे बघितलं, मग मनगटाकडे बघितलं. "गुण कापावे लागतील," तो म्हणाला, आणि तसाच दमल्या पावलांनी पुढच्या कप्प्याकडे गेला.

जेवायच्या सुट्टीत सगळे उठून गेले. हॅलोबाई बसून राहिली. आईला जमेल का, ह्या एका प्रश्नानं तिचं डोकं पोखरलं होतं. घरचा धडा खोटा होता, लेक समोर दिसत असताना कोण फोन कट करेल? ऑफिसच्या लाइनवरून घरचे फोन करायला सक्त मनाई आहे. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आईचा नंबर फिरवला. आईच्या मोबाइलवर तो अनोळखी म्हणूनच दिसणार होता.

"हॅलो?" आई म्हणाली.

हॅलोबाईनं तिचा दुसरा आवाज काढला, ऑफिसातला, गुळगुळीत, शेवटी थोडा वर चढणारा. "नमस्कार मॅडम, मी आपल्या कॉम्प्युटर कंपनीच्या मदत केंद्रातून बोलतेय. आपलं काम अर्धवट राहिलंय, त्याबद्दल फोन केला होता."

आईनं कट केला नव्हता. श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुणीतरी खाली अंगणात बादली आपटल्याचा आवाज. कट कर, आई. हॅलोबाईचा हात हेडफोनच्या वायरीवर घट्ट आवळला गेला. आता परीक्षा घ्यायची तर पुरती घ्यायची, म्हणून तिनं ते वाक्य म्हटलं जे त्या मुलानं म्हटलं असतं. पण म्हणता म्हणता तो ऑफिसातला आवाज कुठेतरी सुटला.

"मॅडम, प्लीज ठेवू नका. सकाळपासून सगळ्यांनी ठेवलाय."

"जेव..." आई म्हणाली.

आणि फोन कट झाला.

हा आवाज हॅलोबाई रोज ऐकते. टूं, टूं, टूं. त्या दिवशी तो ती शेवटपर्यंत ऐकत बसली. तिला आनंद झाला होता. आई वाचली, आता कुणी तिला लुबाडणार नाही, असं ती मनात म्हणत होती, आणि ते खरंच होतं. पण जन्मात पहिल्यांदा आईनं तिचं बोलणं अर्ध्यावर तोडलं होतं, आणि तेही तिनंच शिकवलं म्हणून. तिनं डबा उघडला नाही. सुट्टी संपली, लाल दिवा लागला, आणि ती म्हणाली, "हॅलो, मी आपली काय मदत करू शकते?"

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई खिडकीशी बसली होती. मशीनवर झाकण घातलेलं. दुपारचं ताट झाकलेलं तसंच ओट्यावर.

"सकाळी त्या पोराचा आला होता," आई म्हणाली. "कट केला."

"शाबास. काही बोललीस नाही ना?"

"नाही. त्याचं काही वाटलं नाही. मुलीला सांगू नका म्हणतो मेला, तेव्हाच मनातून उतरला होता." आईनं चष्मा काढला. "मग दुपारी एका बाईचा आला."

हॅलोबाई बूट काढत खाली वाकली होती, ती वाकलेलीच राहिली. "मग?"

"तोच धंदा. कॉम्प्युटरचं काम अर्धवट राहिलं म्हणे. पण पोरगी फार दमलेली होती गं. चोर असली तरी दमलेली होती. म्हणाली, सकाळपासून सगळ्यांनी ठेवलाय. माझ्या तोंडून निघतच होतं जेवलीस का म्हणून. मग तुझं आठवलं. ठेवला." आईनं पदराच्या टोकानं चष्मा पुसला, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "मग माझा घास काही उतरेना. तिची आई असेल ना कुठेतरी घरी. तिला काय ठाऊक, आपल्या लेकीच्या तोंडावर आज कुणी फोन ठेवला."

हॅलोबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं, आई, मीच होते ती. एवढं म्हटलं असतं तर आईचा जीव थाऱ्यावर आला असता. पण उद्या फोन वाजेल, पलीकडे पुन्हा कुणीतरी दमलेलं बोलेल, आणि आईला वाटेल, माझी लेकच असेल. मग ते बोट पुन्हा बटणाशी थांबेल. एवढ्या कष्टानं घातलेला टाका आपल्याच हातानं उसवायचा कसा? तिनं ते वाक्य गिळलं. गिळायला जड गेलं.

तिनं बूट दाराशी ठेवले, हात धुतले, ओट्यावरचं ताट गरम केलं आणि त्यातलंच निम्मं दुसऱ्या ताटात घेतलं. एक आईपुढे ठेवलं आणि दुसरं घेऊन तिच्यासमोर बसली.

"तिच्या आईला ठाऊक असेल," हॅलोबाई म्हणाली. "तू नको काळजी करूस. ती पोरगी आत्ता घरी पोचली असेल, आणि दोघी जेवायला बसल्या असतील."

"खरंच?"

"खरंच. मला माहितीये. आम्ही सगळ्या संध्याकाळी घरी जातो. जेव आता."

आईनं घास घेतला आणि सवयीप्रमाणे लेकीच्या ताटाकडे बघत राहिली, ही आता उठते की मग उठते. हॅलोबाईला दुपारपासून भूक नव्हती. तिनं सगळं ताट पुसून खाल्लं, आणि अजून थोडं वाढ म्हणाली.